व्यवसायनामे आणि कौशल्यगरजांचे पूर्वानुमान

येत्या दहा-पंधरा वर्षांत देशाला किती जोडारी लागतील, किती वीजतंत्री, किती परिचारिका, किती संधाते लागतील, हा प्रश्न वरवर पाहता संख्येचा वाटतो. संख्याशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी तो हाताळावा आणि त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार शासनाने प्रशिक्षणसंस्थांतील जागा वाढवाव्यात किंवा कमी कराव्यात, अशी या विषयाची रूढ मांडणी आहे. परंतु काय मोजावयाचे हे ठरल्यावाचून मोजणी सुरू होत नाही, आणि ते ठरविण्याचे काम नावे करीत असतात. 'जोडारी' हे एक नाव आहे. ते ज्याला लावावयाचे त्याच्या अंगी कोणती कसबे असतात, दहा वर्षांपूर्वी कोणती होती आणि दहा वर्षांनी कोणती लागतील, याविषयी ते नाव काहीच सांगत नाही. मनुष्यबळाच्या पूर्वानुमानांना आजवर जे अपयश आले, त्याचा पुष्कळसा भाग गणितातील चुकांत नसून या नामव्यवहारात दडलेला आहे.

प्रथम रूढ पद्धती कशी चालते ते पाहणे इष्ट होईल. आर्थिक सहकार व विकास संघटनेने १९६०च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगाल, स्पेन, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस व तुर्कस्तान या सहा देशांसाठी 'भूमध्य प्रादेशिक प्रकल्प' हाती घेतला. १९७५ सालापर्यंत या देशांना कोणत्या प्रकारचे शिक्षित मनुष्यबळ लागेल याचा हिशेब मांडणे हा त्याचा हेतू होता. हर्बर्ट पार्न्स यांनी १९६२ साली या पद्धतीची सुसंगत मांडणी केली. तीत प्रथम राष्ट्रीय उत्पन्नाचे उद्दिष्ट गृहीत धरावयाचे, त्याची शेती, उद्योग, सेवा अशी क्षेत्रवार वाटणी करावयाची, आणि दरडोई उत्पादकता धरून प्रत्येक क्षेत्रातील कामकऱ्यांची संख्या काढावयाची. मग त्या संख्येत कोणत्या व्यवसायाचे प्रमाण किती हे ठरवून प्रत्येक व्यवसायाला एकेका शिक्षणपातळीची जोड द्यावयाची. शेवटी आज हाताशी असलेल्या माणसांतून निवृत्ती व मृत्यू यांमुळे होणारी घट वजा केली की किती जणांना नव्याने शिकवावयाचे याचा आकडा हाती येतो.

या साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्र गृहीतकावर टांगलेली आहे, आणि चूक कडीगणिक वाढत जाते. उदाहरणादाखल एखाद्या धंद्यात आज १ लाख कामगार आहेत व उत्पादन दरसाल ६ टक्क्यांनी वाढणार आहे असे समजू. उत्पादकता दरसाल २ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर पंधरा वर्षांनी सुमारे १ लाख ७८ हजार कामगार लागतील. तीच ४ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर सुमारे १ लाख ३३ हजार पुरतात. म्हणजे नव्याने शिकवावयाच्या माणसांची संख्या एका पक्षी ७८ हजार आणि दुसऱ्या पक्षी अवघी ३३ हजार. गृहीतकातील फरक दोन टक्क्यांचा. निष्कर्ष दुपटीहून अधिक फिरला. आणि येथे तर उत्पादनाच्या वाढीचा अंदाज अचूक ठरला असे धरलेले आहे!

भारतातील अनुभव याहून निराळा नाही. शास्त्रीय मनुष्यबळाचा विचार करण्यासाठी १९४७ सालीच एक समिती नेमली गेली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर, १९५५ साली, अभियंत्यांच्या गरजेचा अंदाज घेणारी समिती आली, आणि १९६२ साली दिल्लीत उपयोजित मनुष्यबळ संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अभियंत्यांचा तुटवडा हे त्या काळातील सर्वमान्य सूत्र होते, आणि त्यास अनुसरून तंत्रशिक्षणाच्या जागा झपाट्याने वाढविण्यात आल्या. पुढे १९६५ व १९६६ या लागोपाठच्या वर्षी पाऊस अपुरा पडला, युद्धाचा ताण आला, १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनाच स्थगित राहिली आणि उद्योगांत मंदी आली. तुटवड्याच्या हिशेबाने ज्यांना महाविद्यालयांत प्रवेश दिला होता ते अभियंते पदव्या घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यासाठी कामे नव्हती. अखेर प्रवेशसंख्येला कात्री लावावी लागली. मार्क ब्लाउग, रिचर्ड लेअर्ड व मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ साली भारतातील सुशिक्षितांच्या बेकारीवर जो ग्रंथ लिहिला, तो या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा.

ब्लाउग प्रभृतींचा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की, व्यवसाय आणि शिक्षण यांत एकास एक असे नाते ती गृहीत धरते. प्रत्यक्षात कारखानदार पदवीधर अभियंत्याच्या जागी पदविकाधारक घेतो, पदविकाधारकाच्या जागी हाताखाली तयार झालेला जाणता मिस्त्री घेतो. पगार चढले की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतो. हा अर्थशास्त्राचा आक्षेप असला तरी भाषेच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटावा. शब्द आणि अर्थ यांत एकास एक नाते नसते. एका अर्थाला अनेक शब्द असतात आणि एका शब्दाला अनेक अर्थ. 'फिटर' हा शब्द रेल्वेच्या कारखान्यात, साखर कारखान्यात आणि नळजोडणी करणाऱ्याच्या दुकानात एकच अर्थ सांगत नाही. तिन्ही ठिकाणचे 'फिटर' एका रकान्यात घालून केलेली बेरीज गणितदृष्ट्या निर्दोष असू शकते. ती कशाची बेरीज आहे हे मात्र सांगता येत नाही.

ही नावे निश्चित करणारा ग्रंथ म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण होय. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर ते १९५८ साली प्रथम तयार झाले. नंतर १९६८, २००४ आणि २०१५ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि २०१५च्या आवृत्तीत सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद आहे. १९६८ व २००४ यांमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. त्या छत्तीस वर्षांत संगणक कचेरीत आला, छपाईतून शिशाचे खिळे गेले, दूरध्वनी खेड्यांत पोहोचला आणि भ्रमणध्वनीही आला. आणि एवढा सर्व काळ देशातील कामकऱ्यांची गणना १९६८च्या नावांच्या चौकटीत होत राहिली. कोशकारांना हा दोष नवा नाही. कोणताही कोश छापून होईतो भाषा पुढे गेलेली असते. फरक एवढाच की जुन्या कोशावरून कोणी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखून मुलांना त्यात बसवीत नाही.

नाव टिकते आणि वस्तू बदलते, याचे एक बोलके उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. सूतकताईच्या खात्याला गिरणीतील मराठी कामगार 'त्रासन खाते' म्हणत. 'थ्रॉसल' या जुन्या कताईयंत्राच्या इंग्रजी नावाचा तो मराठी उच्चार. थ्रॉसल यंत्रे गेली, त्यांच्या जागी रिंग फ्रेम आल्या, परंतु खात्याचे नाव त्रासनच राहिले. विणकर 'साचेवाला' होता, कारण मागाला 'साचा' म्हणत. गिरणीत कोणते कसब लागते हे या नावांवरून ताडू पाहणारा माणूस एका पिढीच्या मागे राहिला असता.

नाव व कसब यांचा आपल्याकडील संबंध आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार ही बलुतेदारीतील नावे एकाच वेळी जातीची व धंद्याची आहेत. तक्त्यात 'सुतार' असे लिहिले गेले म्हणजे तो माणूस रंधा चालवितो की केवळ त्या घरात जन्मला आहे, हे लिहिणाऱ्याने विचारले असेल तरच कळते. उलट बाजूने पाहता, कसब शिकण्याची वाटच काहींना बंद होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, जेथे मजुरी अधिक मिळे, तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, हे त्याचे कारण सांगितले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. पूर्वानुमानाच्या तक्त्यात 'विणकर' हा रकाना सर्वांना खुला दिसतो. खात्याच्या दाराशी तसे नव्हते. आजही एखाद्या व्यवसायात स्त्रिया का दिसत नाहीत हे तक्ता सांगत नाही. तो केवळ आजचे प्रमाण पुढे ओढतो.

व्यवसाय हे एकसंध कसब नसून अनेक कसबांची मोळी असते, ही गोष्ट मराठी छापखान्याच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. खिळे जुळविणारा कामगार, म्हणजे जुळारी किंवा कंपोझिटर, नेमके काय करीत असे? त्याच्यासमोर खणांची केस असे. देवनागरीची मूळाक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, उकार, वेलांट्या मिळून शेकडो खिळे लागत, आणि कोणता खिळा कोणत्या खणात हे त्याच्या डोळ्यांना नव्हे तर हाताला ठाऊक असे. खिळ्यावरील अक्षर उलटे असल्यामुळे त्याला उलटे वाचता येई. ओळ भरताना दोन शब्दांमधील अंतर सारखे राखणे, ओळीच्या अखेरीस शब्द कोठे तोडावा हे जाणणे, हे दुसरे अंग. लेखकाचे गिचमिड हस्ताक्षर लावणे हे तिसरे. आणि पुष्कळ लेखकांना आपले हस्ताक्षर वाचता येणारी छापखान्यातील एकच व्यक्ती माहीत असे! चौथे अंग शुद्धलेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, आणि पूर्वी अनुच्चारित अनुस्वारांकडे आपोआप वळणारा जुळाऱ्याचा हात आवरावा लागला. म्हणजे ज्या कसबाला यांत्रिक समजले जाई त्यात व्याकरणाचाही अंश होता.

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेच्या यादीत 'हँड कंपोझिटर' हा व्यवसाय होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावरील अक्षरजुळणी मराठीत रुळू लागली, आणि थोड्या वर्षांत खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या. या व्यवसायाचे पूर्वानुमान कोणी केले असते तर ते 'संख्या शून्यावर' असेच आले असते, आणि नावापुरते ते बरोबरही ठरले असते. पण मोळीतील चारही काड्या एकदम जळाल्या नाहीत. हाताची केसशी असलेली ओळख आणि उलटे वाचन ही कसबे खरोखरच संपली. ओळ समतोल भरण्याचे काम आज्ञावलीने बऱ्याच अंशी आपल्याकडे घेतले. हस्तलिखित लावणे काही वर्षे उरले व मग लेखकच कळफलकावर लिहू लागल्याने ओसरले. शुद्धलेखनाची आणि पृष्ठरचनेची जाण मात्र पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाली, कारण लेखकाची चूक वाटेत अडविणारा जुळारी आता उरला नव्हता. याच सुमारास 'डीटीपी ऑपरेटर' हे नवे नाव रूढ झाले आणि त्या नावाचे प्रशिक्षणवर्ग गावोगावी निघाले. तेथे शिकवीत ते काय, तर टंकनाचा वेग आणि एखाद्या विशिष्ट आज्ञावलीतील कळांची जागा. अर्थात जे कसब लवकरात लवकर जुने होणार होते नेमके तेच. ज्या अक्षरसंचांवर ही मुले शिकली त्यांची संकेतपद्धती प्रत्येक कंपनीची वेगळी होती. युनिकोड सर्वत्र आल्यावर त्या कळफलकांचे पाठांतरही कवडीमोल झाले, आणि हाती राहिले ते पुन्हा एकदा मराठी नीट लिहिता येणे, जे या वर्गांनी बहुधा शिकविलेच नव्हते.

या उदाहरणातून निघणारा प्रश्न केवळ छापखान्यापुरता नाही. पूर्वानुमान मोळ्या मोजते. तंत्रज्ञान मोळ्या सोडते आणि निराळ्या बांधते. मोळीचे नाव नाहीसे झाले म्हणजे तिच्यातील सारे कसब निरुपयोगी झाले असे नव्हे, आणि नाव टिकले म्हणजे कसब टिकले असेही नव्हे. 'ड्राफ्ट्समन' हे नाव आजही आहे. ज्या आरेखनफळ्यावर तो उभा असे ती गेली.

नावाच्या या राजकारणाचे दुसरे रूप 'कुशल' या शब्दात दिसते. २००९च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने २०२२ सालापर्यंत ५० कोटी लोकांना कौशल्यप्रशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले. २०१५च्या धोरणात हाच आकडा सुमारे ४० कोटींवर आला. त्यांपैकी जवळजवळ ३० कोटी तर आधीपासून काम करीत असलेली माणसे होती. याच धोरणात असेही नमूद आहे की भारतातील कामकऱ्यांपैकी फक्त ४.६९ टक्के लोकांनी औपचारिक कौशल्यप्रशिक्षण घेतले आहे, तर हे प्रमाण जर्मनीत ७५ टक्के, जपानमध्ये ८० टक्के व दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. ही तुलना भाषणांतून वारंवार उद्धृत होते आणि ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की भारतातील शंभरांतील पंचाण्णव कामकरी अकुशल आहेत. वस्तुतः आकडा आहे तो प्रमाणपत्रांचा. वडिलांच्या हाताखाली शिकलेला गवंडी, उस्तादाजवळ गाड्यांची इंजिने उघडून शिकलेला मिस्त्री, भिवंडीतील यंत्रमागावर नात्यातल्या माणसाकडून शिकलेला विणकर, हे सारे त्या ४.६९ टक्क्यांच्या बाहेर आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीत परंपरागत शिक्षण व कामावरचे शिक्षण यांसाठी वेगळे रकाने असतात. परंतु भाषणात पोहोचतो तो एकच रकाना. ज्याचे कसब मोजलेच नाही त्याला पुन्हा पहिलीपासून शिकविण्याची योजना आखली जाते, आणि ती अपुरी पडली की दोष शिकणाऱ्यावर येतो. पूर्वज्ञानाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद अलीकडे आली, ती या चुकीची कबुलीच होय.

मोजणीची नजर मुळातच संघटित क्षेत्रापुरती राहिली याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळविणे १९५९च्या कायद्याने सक्तीचे केले, परंतु खाजगी क्षेत्रात ही सक्ती पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती होती. बारा मागांचा कारखाना, चार माणसांचे गॅरेज, घरोघरी फिरणारा नळ कारागीर यांची मागणी या मार्गाने कधी नोंदली गेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांचा धंदा खालावतच गेला. कापड मात्र विणले जातच होते. ते लहान यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. गिरण्यांच्या आकड्यांवरून पाहणाऱ्याला विणकराचा व्यवसाय संपताना दिसला. प्रत्यक्षात तो मोजणीच्या कक्षेबाहेर गेला होता.

एखाद्या कामात कसब आहे किंवा नाही हे वर्णनाच्या भाषेवर किती अवलंबून असते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तेथील श्रमखात्याने १९३९ साली 'व्यवसायनामांचा कोश' प्रथम प्रसिद्ध केला. त्याच्या १९६५च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाला माहिती, माणसे व वस्तू यांच्याशी असलेल्या संबंधानुसार अंक दिले गेले, आणि या अंकपद्धतीत लहान मुलांचा सांभाळ करणाऱ्या व्यवसायांना सर्वांत खालची जागा मिळाली. रडणाऱ्या वीस मुलांना एका खोलीत सांभाळणे यात कोणते कौशल्य आहे, हे सांगण्यासाठी त्या पद्धतीजवळ शब्दच नव्हते. पुढे या कोशाची जागा १९९०च्या दशकाअखेरीस 'ओनेट' या संग्रहाने घेतली, आणि त्यात व्यवसायांची नुसती व्याख्या न देता प्रत्येकास लागणारी कौशल्ये, ज्ञान व क्षमता वेगवेगळ्या नोंदविल्या जातात. युरोपीय संघाच्या 'एस्को' या वर्गीकरणात तर सुमारे ३,००० व्यवसायांच्या जोडीला १३,००० हून अधिक कौशल्ये स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत, आणि ती संघाच्या सर्व भाषांत उपलब्ध आहेत. मोळी सोडून काड्या मोजण्याचा हा प्रयत्न होय. काड्यांनाही नावेच द्यावी लागतात, हे खरे. परंतु लहान नावात अर्थ लपण्यास जागा कमी असते.

प्रशिक्षण नव्या गरजांशी जुळते कसे करावे या प्रश्नाचे जर्मनीने दिलेले उत्तर अधिक शिकण्याजोगे आहे. तेथे व्यवसायाचे नाव हा कायद्याचा विषय आहे. १९६९च्या व्यावसायिक शिक्षण कायद्यानुसार मान्यताप्राप्त व्यवसायांतच उमेदवारी होते. मालक, कामगारसंघटना व शासन एकत्र बसून व्यवसायाचे स्वरूप ठरवितात, आणि १९७० साली स्थापन झालेली संघीय संस्था त्यांना संशोधनाचा आधार पुरविते. १९७०च्या सुमारास असे सुमारे सहाशे व्यवसाय होते. आज ते सव्वातीनशेच्या आसपास आहेत. उद्योग अधिक गुंतागुंतीचे होत असताना नावांची संख्या निम्म्यावर यावी हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्यामागील विचार साधा आहे. अरुंद नाव लवकर जुने होते, रुंद नाव टिकते. १९८७ साली धातुकामातील अनेक औद्योगिक व्यवसाय सहा मूळ व्यवसायांत एकवटण्यात आले. २००३ साली मोटारीचे यंत्र दुरुस्त करणारा व तिची विद्युत्‌जोडणी पाहणारा यांचे दोन जुने व्यवसाय मिळून एक झाला. 'मेकाट्रॉनिक्स' हा शब्द जपानमध्ये १९६९ साली एका कंपनीतील अभियंत्याने घडविला आणि जर्मनीत त्या नावाचा उमेदवारीचा व्यवसाय १९९८ साली आला. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. शब्द, वस्तू, कसब आणि प्रमाणपत्र यांचे आगमन याच क्रमाने होते. हा क्रम उलटविणे कोणत्याही पूर्वानुमानाला जमलेले नाही. शहाणी व्यवस्था असेल तर तिला मधले अंतर तेवढे कमी करता येते.

आपल्याकडे हे अंतर लांबते त्याला अभ्यासक्रमाहून मोठे एक कारण आहे, ते म्हणजे निदेशक. अभ्यासक्रम दोन वर्षांत बदलता येतो, यंत्रही पैसे असल्यास पाच वर्षांत बदलता येते. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पंचविसाव्या वर्षी लागलेला शिल्प निदेशक तीस-पस्तीस वर्षे तेथे असतो. त्याला ठराविक काळाने कारखान्यात जाऊन काम करण्याची संधी दिली नाही, तर त्याच्या हातातील कसब ज्या वर्षी तो नोकरीस लागला त्या वर्षीचेच राहते, आणि पूर्वानुमान कितीही अचूक असो, वर्गात पोहोचते ते तेच. हा त्याचा दोष नव्हे. कारखाना आणि वर्ग यांमध्ये माणसांची ये-जा व्हावी असा १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा एक हेतू होता. ही ये-जा उमेदवारांपुरती राहिली.

पूर्वानुमान सर्वस्वी टाकाऊ आहे असा अर्थ यातून काढणे मात्र गैर ठरेल. जेथे मागणी लोकसंख्येवर व ठरीव प्रमाणावर अवलंबून असते, तेथे लांबचा अंदाज बऱ्यापैकी चालतो. आज जन्मलेली मुले सहा वर्षांनी पहिलीत बसतील. एका शिक्षकामागे मुले किती हे ठरलेले असेल, तर शिक्षकांची गरज काढता येते. परिचारिकांचेही तसेच. डॉक्टर वा अभियंता घडविण्यास जितका काळ लागतो तितका पुढचा विचार करणे अपरिहार्यच आहे. परंतु जेथे कसब यंत्राबरोबर बदलते तेथे पंधरा वर्षांचा आकडा हा भ्रम होय. तेथे आरंभी रुंद पाया आणि नंतर थोड्या मुदतीची भर हीच वाट उरते. २०१५ साली आरंभलेल्या 'सूर्यमित्र' योजनेत हे तत्त्व कमीअधिक प्रमाणात दिसते. सौरपट बसविणाऱ्याचे सहाशे तासांचे हे शिक्षण मुख्यतः वीजतंत्री, तारतंत्री यांसारख्या आधीच तयार झालेल्या कारागिरांसाठी आखलेले होते. जुन्या मोळीत दोन नव्या काड्या घातल्या गेल्या, एवढेच. आणि सौरउद्योग उद्या मंदावला तरी त्या मुलाच्या हातातील वीजजोडणीचे काम जात नाही. दोन वर्षे केवळ सौरपटांवर घालविणाऱ्याची तशी सोय नसती. गावाकडची जमीन गहाण टाकून किंवा आईच्या बांगड्या मोडून जी मुले शहरात शिकावयास येतात, त्यांच्या दृष्टीने हा फरक आकड्यांतील एक-दोन टक्क्यांचा राहत नाही.

भाषेच्या अभ्यासकांना या कामात प्रत्यक्ष वाटा घेता येईल. नवे कसब वर्गीकरणात येण्यापूर्वी बराच काळ ते लोकांच्या बोलण्यात, दुकानांच्या पाट्यांवर आणि 'पाहिजेत'च्या जाहिरातींत आलेले असते. भ्रमणध्वनीची सेवा भारतात १९९५ साली सुरू झाली, आणि पुढे ती स्वस्त होताच 'मोबाइल रिपेअरिंग'च्या पाट्या तालुक्याच्या गावी झळकल्या. औद्योगिक प्रशिक्षणाच्या यादीत 'स्मार्टफोन टेक्निशियन कम ॲप टेस्टर' हे लांबलचक नाव आले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. त्या पाट्यांवरील शब्दांचा वर्षावर्षाला कोणी संग्रह केला असता, तर कोणत्याही गणिती प्रतिमानाच्या आधी एका नव्या व्यवसायाची चाहूल लागली असती. आज जाहिरातींतील शब्दांची यंत्राद्वारे मोजणी होते, परंतु ती बहुतांशी इंग्रजी जाहिरातींची. इचलकरंजीच्या कारखान्याच्या दारावर खडूने लिहिलेली मागणी तिच्या वाट्याला येत नाही.

दुसरे काम परिभाषेचे. महाराष्ट्रातील प्रशिक्षणसंस्थांत जोडारी, कातारी, संधाता, यंत्र कारागीर, तारतंत्री हे शब्द फलकांवर आहेत. कार्यशाळेत मात्र फिटर, टर्नर, वेल्डर, मशिनिस्ट व वायरमन हेच ऐकू येतात. 'कातारी' हा शब्द मुळात लाकूड कातणाऱ्याचा, म्हणून तो लोखंड कातणाऱ्याला लावणे सयुक्तिक होते. 'संधाता' हा मात्र कचेरीत जन्मला आणि कचेरीतच राहिला. यांतील कोणते शब्द टिकवावेत हा वाद बाजूस ठेवला तरी एक व्यावहारिक अडचण उरते. पाहणीचा कार्यकर्ता कामगाराला त्याचा व्यवसाय विचारतो, कामगार आपल्या बोलीतील शब्द सांगतो, आणि कार्यकर्ता तो शब्द एका सांकेतिक अंकात बसवितो. या बसविण्यात कोणता शब्द कोणत्या खणात पडतो, हे जुळाऱ्याच्या केसइतकेच महत्त्वाचे आहे, आणि मराठीपुरती तरी अशी खणवारी अद्याप पद्धतशीरपणे झालेली नाही. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांवर, पिंपरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत, नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्यांत, कोकणातील नौकाबांधणीत कामकरी आपल्या कामाच्या प्रत्येक पायरीला काय म्हणतात याची नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. अशा नोंदीत त्या पायऱ्यांची नावे, त्या शिकण्यास लागलेला काळ आणि त्या कोणाकडून शिकल्या, या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर तिचा उपयोग कोशकारालाही होईल आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यालाही.